सोळावर पत्ता

पुष्पलताला जयप्रकाश कधीच आवडला नव्हता, आणि आवडून घ्यायची खटपटही तिने केली नव्हती. माणूस तिच्या नवऱ्याच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, बहरीनमधल्या मराठी मंडळींचा आपोआप झालेला पुढारी होता, आणि आवाज असा लावायचा की दोन माणसांशी बोलतानाही समोर सभा भरली आहे असं वाटावं. सलमाबादला कामगारांच्या मेसमध्ये आंबेडकर जयंती झाली तेव्हा तो प्रमुख पाहुणा म्हणून आला. बाबासाहेब कुण्या एका समाजाचे नव्हते, ते सगळ्यांचे होते, असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, हार घातला, फोटो काढून घेतला आणि पंगत बसायच्या आत दुसरा कार्यक्रम आहे म्हणून निघून गेला. घरी परतताना पुष्पलताने त्याला अदलियातल्या कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, बायकोबरोबर आइस्क्रीम खाताना पाहिलं. तिने उज्ज्वलला कोपराने ढोसून दाखवलं. उज्ज्वल म्हणाला, असेल बाबा, कार्यक्रम लवकर संपला असेल.

उज्ज्वलचं हे असंच होतं. नागपूरचा हुशार पोरगा, पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या पाचात आलेला, बहरीनला ड्राफ्ट्समन म्हणून आला आणि इथे त्याच्या मानेला जे 'यस सर' चिकटलं ते निघेना. जयप्रकाश त्याच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा, पण तो उज्ज्वलला अरेतुरे करायचा आणि उज्ज्वल त्याला सर म्हणायचा. पुष्पलता स्वतः अदलियात एका शिपिंग एजंटच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिच्या साहेबाने एकदा तिला 'डार्लिंग' म्हटलं तर तिने मशीनवरचा हात थांबवून त्याच्याकडे असं पाहिलं होतं की त्यानंतर तो 'मिसेस पुष्पा' म्हणू लागला. नवऱ्यातही तेवढी धमक असावी एवढीच तिची अपेक्षा होती. लग्नाला चौदा वर्षं झाली तेव्हा तिने ती अपेक्षा सोडली आणि तिच्या जागी चेष्टा करायला लागली.

शहाण्णवच्या हिवाळ्यात कंपनीत नवीनच टूम निघाली. जनरल मॅनेजर इंग्रज होता. त्याची मॅडम दरवर्षी झल्लाकला, कंपनीने समुद्रकाठी घेतलेल्या बंगल्यात, 'कसिनो नाइट' करायची. देशात जुगाराला बंदी, म्हणून खऱ्या पैशाचं काही नाही. छापलेल्या कागदी नोटा वाटायच्या, हिरव्या बनातीच्या टेबलावर ब्लॅकजॅक खेळायचं, आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त कागद उरतील त्याला एक पितळी गलबत बक्षीस. आजवर तिथे फक्त गोऱ्यांना बोलावणं असायचं. यंदा मॅडमच्या मनात आलं की भारतीय स्टाफलाही बायकांसह बोलवावं.

जयप्रकाश हवेत गेला. आपल्या लोकांना ब्लॅकजॅक येत नाही, तिथे जाऊन रमी खेळल्यासारखे पत्ते छातीशी धरून बसतील, नाक कापलं जाईल, असं त्याने ऑफिसात जाहीर केलं. मग स्वतःच तोडगाही काढला. दर शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, त्याच्या अदलियाच्या फ्लॅटवर वर्ग. जोडीने यायचं.

"आपल्याला बोलावलं आहे," उज्ज्वल घरी येऊन म्हणाला. चेहरा असा फुललेला की जणू नोकरीत बढती मिळाली.

"जुगार शिकायला?"

"कागदाच्या नोटा आहेत, पुष्पा. खेळ आहे तो."

पुष्पलताच्या वडिलांनी नागपुरात वस्तीतला सट्ट्याचा अड्डा उठवला होता. बायकांना बरोबर घेऊन ते अड्ड्याच्या दारात चटई टाकून बसले होते, आत जाणाऱ्याला नाव घेऊन विचारायचे, काय बाबू, आज पोरांची फी घेऊन आलास का. महिनाभरात अड्डा उठला. त्या माणसाच्या मुलीला आता शुक्रवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून पत्ते शिकायला जायचं होतं. शेजारच्या बिल्किसला, म्हणजे कोकणातल्या म्हसळ्याच्या यासीनच्या बायकोला, तिने हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कागदाने खेळला काय नि दिनाराने खेळला काय, भाभी, जुगार तो जुगारच. पण तुम्ही जा. नाय गेलात तर भाईजानला ऑफिसात त्रास व्हायचा." पुष्पलताला दोन्ही वाक्यं पटली आणि दुसऱ्या वाक्याचा जास्त राग आला.

ती गेली. आपण फक्त बघायला जात आहोत, असं तिने स्वतःला बजावलं होतं, आणि बघण्यासारखं तिथे होतंच. जयप्रकाशने जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर घातली होती, शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. पत्ते पिसताना तो बोटं अशी नाचवायचा की बायकांनी वा म्हणावं. दोघी म्हणाल्याही.

खेळ साधा होता. इतका साधा की त्याचं एवढं स्तोम कशाला, असं तिला वाटलं. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की आपण फुटलो, खलास. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. एक्का अकराचा, आणि जड झाला तर एकाचा. खेळणारे एकमेकांशी खेळत नाहीत, प्रत्येक जण वाटणाऱ्याशी खेळतो. वाटणारा सुरुवातीला स्वतःसाठी एकच पत्ता घेतो, तोही उघडा. मग आपण ठरवायचं, आणखी पत्ता घ्यायचा की थांबायचं. सगळ्यांचं झालं की वाटणारा आपले पत्ते काढतो. त्याला मात्र ठरवायचं काही नसतं. सोळापर्यंत त्याला घ्यावाच लागतो, सतरा झाले की थांबावंच लागतं.

"म्हणजे वाटणाऱ्याला डोकं लागत नाही," कुणीतरी म्हणालं.

"अगदी बरोबर. नोकर माणूस असतो तो," जयप्रकाश हसून म्हणाला. मग त्याने बोट वर केलं. "पण आपल्याला लागतं. नवशिक्यांचं काय होतं, ते मनाला वाटेल तसं खेळतात. मनाला काही विचारायचं नाही. शास्त्र आहे याचं."

आणि त्याने शास्त्र सांगितलं. वाटणाऱ्यासमोर लहान पत्ता असेल, दुर्रीपासून छक्कीपर्यंत, तर तो फुटायची शक्यता जास्त. तेव्हा आपण तेरा-चौदावरही गप्प थांबायचं, त्याला फुटू द्यायचं. पण त्याच्यासमोर सत्ती किंवा त्याहून मोठा पत्ता असेल तर तो बहुधा चांगली बेरीज करणार; मग आपण बारा ते सोळा यांत असलो तर पत्ता घ्यायचाच, फुटलो तरी बेहत्तर. सतराला थांबायचं. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी आली तर फोडून दोन डाव करायचे, दश्श्यांची जोडी कधी फोडायची नाही. वाटणाऱ्याचा एक्का दिसला की तो विम्यासारखी एक जादा बाजी लावायला सांगतो, ती कधीही लावायची नाही.

पुष्पलता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. माणूस खोटा आहे तेव्हा त्याचं शास्त्रही खोटं असणार, असा तिचा हिशेब होता. विशेषतः ते सोळाचं. हातात सोळा, समोर दहा, आणि पत्ता घ्यायचा? पाचाच्या वरचा कोणताही पत्ता आला की मेलो. तेराच प्रकारचे पत्ते, त्यांतले आठ आपल्याला मारणारे. आणि हा शहाणा म्हणतो घ्या. हे साहेबाच्या कुठल्यातरी पार्टीत अर्धवट ऐकून आला असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

ते सिद्ध करायला तिने सोमवारी संध्याकाळी, एका शेगडीवर वरण आणि दुसरीवर भात ठेवून, लेकीला, मैत्रीला, टेबलाशी बसवलं. मैत्री सातवीत होती, इंग्रजी शाळेत. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर इंग्रजीत यायचं. पुष्पलताने मैत्रीपुढे गुलाम आणि छक्की टाकली, स्वतःपुढे राजा ठेवला, उरलेले पत्ते पिसले. एकदा मैत्रीने थांबायचं, एकदा घ्यायचं. पुन्हा पिसायचं. भात झाला, वरणाला फोडणी बसली, उज्ज्वल अंघोळ करून आला तरी दोघी खेळतच होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मैत्री कंटाळून म्हणाली, "ममी, यू लूज आयदर वे. इफ यू टेक, यू लूज अ लिटल लेस. दॅट्स ऑल."

खरंच तसंच होतं. थांबलं तरी हरायचं, घेतला तरी हरायचं, पण घेतला तर हरणं थोडं कमी. पुष्पलता पत्त्यांकडे बघत राहिली. त्या माणसाचं बरोबर निघालं याचा तिला जितका त्रास झाला तितका तो चुकला असता तर आनंद झाला नसता. आणि शास्त्र तरी कसलं? कमी हरायचं शास्त्र. एवढ्यासाठी बाह्या दुमडल्या होत्या.

उज्ज्वलला मात्र या गोष्टीचं वेडच लागलं. दाढी करताना तो आरशाशी पुटपुटायचा, बारा समोर चौव्वी, थांब. पंधरा समोर नव्वी, घे. सिग्नलला गाडी थांबली की पुष्पलताने विचारायचं आणि त्याने सांगायचं, असं त्याला वाटायचं. ती विचारत नसे. एकदा तिच्याने राहवलं नाही. म्हणाली, "पंप हाउसच्या ड्रॉइंगमधली चूक तुम्ही काढली आणि नाव जयप्रकाशचं लागलं, तेव्हा तोंडातून शब्द नाही निघाला. आता यांच्या तोंडचे पत्ते पाठ करून राहिले."

सिग्नल हिरवा झाला. थोडं पुढे गेल्यावर उज्ज्वल म्हणाला, "ते वेगळं आहे. याच्यात नियम ठरलेला असतो. समोरचा कोण आहे ते पाहावं लागत नाही." तिने खिडकीबाहेर पाहून नुसतं हुं केलं. नियम ठरलेला असला की यांना बरं वाटतं, मुंग्यांनाही वाटतं, असं काहीतरी तिच्या ओठावर आलं होतं. मागच्या सीटवर मैत्री होती म्हणून ते राहिलं.

शेवटच्या शुक्रवारी जयप्रकाशने परीक्षा घेतली. तो वाटायचा आणि प्रत्येकाला विचारायचा. बाकीचे चुकत होते, उज्ज्वल चुकत नव्हता. जयप्रकाशला ते फारसं आवडलं नसावं. त्याने मुद्दाम उज्ज्वलपुढे सोळा लावले, स्वतःची दश्शी ठेवली आणि वाट पाहिली. उज्ज्वलचा हात क्षणभर अडला.

"बघा, इथे माणूस कळतो," जयप्रकाश सगळ्यांना म्हणाला. "इथे थांबतो तो भित्रा. सोळा आणि समोर दहा, घ्यायचाच. टेबलावर कोणी काही म्हणो. लक्षात ठेव, उज्ज्वल." मग हसत म्हणाला की, मॅडमच्या टेबलावर तू आपला शेवटच्या खुर्चीवर बस, तिथे फार लक्ष जात नाही कुणाचं.

सगळे हसले. उज्ज्वलही हसला. पुष्पलताला तो हसला याचीच शिसारी आली.

गुरुवारी संध्याकाळी मैत्रीला बिल्किसकडे ठेवून दोघं झल्लाकला गेले. बंगल्याच्या व्हरांड्यात रंगीत दिवे लावले होते, पलीकडे समुद्र काळसर होत चालला होता. साहेबाने हिरवं जाकीट आणि बो घातला होता, हातात बियरचा ग्लास. गोऱ्या बायका मॅडमभोवती, आपल्या बायका खुर्च्यांच्या रांगेत, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत जयप्रकाश, इकडून तिकडे, पाहुण्यासारखा नाही आणि यजमानासारखाही नाही, लग्नात वाढप्याने मान मिळावा म्हणून धडपडावं तसा. उज्ज्वलच्या हातात संत्र्याचा रस होता.

टेबलावर वाटायला स्वतः मॅडम बसली. पहिल्या खुर्चीवर साहेब, मग दोन गोरे इंजिनिअर, मग जयप्रकाश, शेवटी उज्ज्वल. बायका मागे उभ्या राहिल्या. पितळी गलबत मॅडमच्या उजव्या हाताला ठेवलं होतं. पुष्पलताने ते निरखून पाहिलं. शिडाला गंज चढल्यासारखा हिरवट डाग होता. यासाठी.

बराच वेळ काही विशेष घडलं नाही. साहेब मनाला येईल तसा खेळत होता, आणि जिंकत होता. उज्ज्वल वर्गात खेळला तसाच खेळत होता, थोडं हरून थोडं जिंकून जागच्या जागी. जयप्रकाश मात्र साहेब काय करतो ते आधी बघायचा. साहेब थांबला की हा थांबायचा, साहेबाने जोडी फोडली की हा मान डोलवायचा. पुष्पलताने तीन वेळा मोजलं की त्याने स्वतः शिकवलेलं मोडलं, आणि मग मोजणं सोडून दिलं.

मग साहेबाने आपल्या सगळ्या नोटा एका डावावर लावल्या. लोक जवळ सरकले. मॅडमने स्वतःपुढे बदामची राणी टाकली. साहेबाचे सतरा झाले होते, तो थांबला आणि मोठ्याने म्हणाला, बाकीच्यांनी आता लहान पत्ते बायकोसाठी सोडा, म्हणजे ती फुटेल. दोन्ही इंजिनिअर हसून थांबले. जयप्रकाशचे पंधरा होते. पंधरा, समोर राणी. अदलियातल्या टेबलावर याने असल्या पंधरावर किती जणांना रागावलं होतं. त्याने दोन्ही तळवे आडवे फिरवले. थांबलो.

उज्ज्वलपुढे गुलाम आणि छक्की होती.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेबाने पाहिलं, मॅडमने भुवया उंचावल्या, जयप्रकाशने मान अगदी थोडी आडवी हलवली. पुष्पलताला पुढचं सगळं दिसत होतं. हा आता थांबणार. थांबून वर सॉरीही म्हणेल, इतके पत्ते हातात आल्याबद्दल.

उज्ज्वलने बोटाने टेबलावर दोनदा टकटक केली. त्याला पत्ता हवा होता.

पंजी आली. सोळा आणि पाच, एकवीस. मॅडमने स्वतःसाठी पत्ता काढला, अठ्ठी. राणी आणि अठ्ठी, अठरा. साहेबाचे सतरा गेले, इंजिनिअरांचे गेले, जयप्रकाशचे पंधरा गेले. टेबलावर एकटा उज्ज्वल जिंकला.

लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याने पंजी घेतली नसती तर ती मॅडमला गेली असती, तिचे पंधरा झाले असते, मग तिला अठ्ठी घ्यावीच लागली असती आणि ती फुटली असती. सगळं टेबल जिंकलं असतं. साहेबाने नुसता ओठ बाहेर काढून उज्ज्वलकडे पाहिलं. बोलला जयप्रकाश, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर, याला मी किती वेळा सांगितलं आहे की सोळावर पत्ता मागायचा नसतो. मग उज्ज्वलकडे वळून मराठीत, "अरे, सोळावर कोण घेतं?"

पुष्पलताने जयप्रकाशकडे वळून पाहिलं. भित्रा कोण ते सांगणारा हाच माणूस. आणि त्याने आपणच शिकवलेलं केलं असतं तर ती पंजी त्याच्याच पदरात पडली असती, वीस झाले असते, पण ते त्या शहाण्याच्या डोक्यात आलंही नव्हतं.

"सॉरी, सर," उज्ज्वल म्हणाला. साहेबाला. जिंकून.

तिला वाटलं, पर्स घ्यावी आणि गाडीत जाऊन बसावं.

तेवढ्यात साहेबाने हात लांब करून मॅडमच्या ट्रेमधलं नोटांचं नवं पुडकं उचललं. मॅडमने त्याच्या मनगटावर लटकी चापट मारली आणि घेऊ दिलं. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. जयप्रकाशने सगळ्यांत जोरात वाजवल्या. इतके शुक्रवार, दुर्री-छक्कीचं शास्त्र, कधी थांबायचं आणि कधी घ्यायचं; आणि साहेब हरला तर ट्रेमधून आणखी घेतो हा एक नियम कुणी सांगितलाच नव्हता. पुष्पलताला एकदम सगळं टेबल, दिवे, हिरवं जाकीट, ते डागाळलेलं गलबत, पोरांच्या भातुकलीसारखं दिसलं. भातुकलीत निदान पोरं भांडतात तरी.

पुढचा डाव आला. साहेबाने सगळं पुडकं लावलं. उज्ज्वलनेही स्वतःपुढचे सगळे कागद पुढे सरकवले. कशासाठी ते तिला कळलं नाही. मॅडमपुढे इस्पिकचा राजा. साहेबाचे अठरा. जयप्रकाश या वेळी पहिल्याच दोन पत्त्यांत वीस घेऊन निर्धास्त बसला. उज्ज्वलचे नऊ आणि पाच, चौदा.

जयप्रकाशने आता मान हलवली नाही. त्याने सरळ उज्ज्वलच्या मनगटावर हात ठेवला आणि हळू पण सगळ्यांना दिसेल असं म्हणाला, "थांब."

उज्ज्वलने त्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने तो उचलून बाजूला ठेवला. झटकला नाही. कुणाची वस्तू आपल्या जागेवर आली असेल तर ती ज्याची त्याला द्यावी, तसा. आणि टेबलावर दोनदा टकटक केली.

दश्शी आली. चोवीस. उज्ज्वल फुटला. मॅडमने त्याचे सगळे कागद ओढून घेतले. मग स्वतःसाठी पत्ता काढला, सत्ती. राजा आणि सत्ती, सतरा. तिला थांबावं लागलं. साहेबाचे अठरा जिंकले. एकच गलका झाला, साहेबाने दोन्ही हात वर केले, कुणीतरी ते गलबत त्याच्या हातात देऊनही टाकलं.

"बघितलंस?" जयप्रकाश उज्ज्वलला म्हणाला. "म्हटलं होतं ना थांब."

उज्ज्वल उठून उभा राहिला. पुष्पलता त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती 'सॉरी' या शब्दाची वाट पाहत होती. तो आला नाही. त्याने खुर्ची आत सरकवली, मॅडमला 'थँक यू' म्हटलं आणि संत्र्याच्या रसाचा अर्धा ग्लास उचलून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

मग पुष्पलता बोलली. आवाज चढवला नाही, कचेरीत चढवायची नाही तसाच.

"जयप्रकाशजी, यांनी ती दश्शी घेतली नसती तर ती मॅडमकडे गेली असती. राजा आणि दश्शी, वीस. तुमच्या साहेबांचे अठरा बुडाले असते. मघाशी पंजीचा हिशेब सगळ्यांनी लगेच केला. हा कुणी केला नाही."

जयप्रकाशच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, डोळे मात्र साहेबाकडे जाऊन आले. साहेबाचं लक्ष नव्हतं. तो गलबत डोक्यावर धरून फोटो काढून घेत होता.

"वहिनी, एवढं मनावर घ्यायचं नसतं," तो म्हणाला. मग जेवणाच्या रांगेत तो मुद्दाम तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि ताटली पुढे करत, खाजगीतलं शहाणपण सांगावं तसं हळूच म्हणाला, "वर्गात शिकवलं ते शास्त्र. पण इथे पत्ते बघायचे नसतात, माणसं बघायची असतात. उज्ज्वलला हे कधी कळणार?"

"तुम्हाला कळलं आहे ना," पुष्पलता म्हणाली. "तेवढं पुरे आहे."

तिने भात घेतला, मासा घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून उज्ज्वलशेजारी जाऊन बसली. जयप्रकाशला त्या वाक्यात आपली स्तुती आहे की काय, हे बराच वेळ कळलं नसावं. तो दुरून एक-दोनदा तिच्याकडे बघून हसला.

दोघं गाडीतून परत निघाले. रस्त्याला दुतर्फा नुसती वाळू, मध्येच एखादं खजुराचं शेत. शेवटी तिनेच विचारलं, "चौदावर काहून घेतला? हात धरला होता त्यांनी."

"राजा होता समोर," उज्ज्वल म्हणाला.

एवढंच. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. तो म्हणाला असता की मला त्यांचा राग आला, की मी दाखवून दिलं, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तसलं काहीही दाखवून दिलं नव्हतं. समोर राजा होता, चौदा होते, पत्ता घ्यायचा होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

शुक्रवारभर तो धास्तावलेला होता. शनिवारी ऑफिसला जाताना त्याने नीट इस्त्रीचा शर्ट घातला, साहेबाने बोलावलंच तर काय म्हणायचं ते बूट घालताना तो मनात जुळवत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. संध्याकाळी तो घरी आला तो विचित्र चेहरा करून. सकाळी जिन्यात साहेब समोरून आला होता. थेट त्याच्याकडे बघून, अगदी मोकळेपणाने म्हणाला, "मॉर्निंग, रूपेश."

रूपेश त्याच्या खात्यातला दुसरा ड्राफ्ट्समन. तो सहा महिन्यांपासून रजेवर होता आणि त्याला टक्कल होतं.

पुष्पलता हसली. मग उज्ज्वलही हसला, आणि हे हसणं वर्गातल्या त्या शुक्रवारच्या हसण्यासारखं नव्हतं. या माणसाच्या भुवईच्या वळणावर आपण इतकी वर्षं झोप घालवली, असं तो म्हणाला नाही, पण हसता हसता त्याने डोळे पुसले आणि मग बराच वेळ डोक्यामागे हात घेऊन छताकडे बघत बसला. ऑफिसात जयप्रकाश त्या संध्याकाळची गोष्ट सांगत फिरत होता, साहेबाने गलबत कसं जिंकलं आणि आपण शेजारी कसे होतो. त्या गोष्टीत उज्ज्वल नव्हताच.

महिन्याभराने रात्रीच्या जेवणाआधी फोन वाजला. मॅडमला आता ब्रिजची आवड लागली होती. आपल्या लोकांना ब्रिज येत नाही, नाक कापलं जाईल, तेव्हा जयप्रकाशने शुक्रवारी सकाळी वर्ग ठेवला होता. त्याचा आवाज इतका मोठा होता की पीठ मळता मळता पुष्पलताला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"नाही, आम्ही नाही येत," उज्ज्वल म्हणाला.

पलीकडून का, असं विचारलं गेलं. काही कार्यक्रम आहे का, तब्येत बरी नाही का.

"नाही. कार्यक्रम नाही. तब्येत चांगली आहे." पुष्पलताचे पिठातले हात थांबले. "येत नाही, एवढंच."

मग जयप्रकाश काहीतरी म्हणाला, या वेळी हळू, तिला ते ऐकू आलं नाही. उज्ज्वलने ऐकून घेतलं, बरं म्हटलं, रिसिव्हर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. जयप्रकाश काय म्हणाला ते त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिच्या जिभेवर सवयीने एक टोमणा आला होता. तो कुणाला मारायचा ते तिला पटकन सुचलं नाही.

"भाजी काय आहे?" त्याने विचारलं.

"वांगी," ती म्हणाली. "मैत्रीला हाक मारा, पानं घ्यायला सांगा."